फणीचा वाकडा दात

आमच्या गुनेयकंदात एखाद्या बाईला नावं ठेवायची असतील तर तिच्या रूपाच्या किंवा स्वयंपाकाच्या वाटेला कुणी जात नाही. "तिच्या गालिच्याची पाठ बघितलीस का?" एवढं विचारलं की काम होतं. पुढून सगळेच गालिचे देखणे असतात. उलटा केला की विणणारीचा आळस, घाई, चिक्कूपणा सगळं उघडं पडतं. मग त्या बाईनं जन्मभर कितीही चांगलं वागावं, गाव तिला पाठीवरूनच ओळखतं.

तेल्लीला गाव कशावरून ओळखतं ते सांगायला हवं. आता तिचे केस पिकलेत, चार घरच्या सुना तिच्या शेजारी मागापुढच्या फळीवर बसून गाठी मारायला शिकतात, आणि तिच्याशी वाद घालायची हिंमत फक्त तिची गाय करते. पण ही तेल्ली सून म्हणून आली त्या दिवशी तिच्या माहेरचा गालिचा सासूनं भर अंगणात, सगळ्या बायकांदेखत उलटा केला होता.

तेल्ली गझाखची, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. तिचा नवरा मुर्सल फौजेत असताना तिच्या भावाशी त्याची दोस्ती झाली. सुट्टीत तो त्यांच्या घरी गेला, चहा घेऊन आलेल्या मुलीच्या हातांकडे बघत बसला, आणि परत आल्यावर आईला म्हणाला की लग्न करीन तर तिच्याशीच. आई म्हणजे शाहनिसा. बारीक कामात तिचा हात धरणारी या डोंगराच्या अल्याडपल्याड कुणी नव्हती. तिनं मुलासाठी धाकट्या बहिणीची, गुलबादामची, मुलगी मनात धरून ठेवलेली. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग लग्न झालं, पण त्या दोघी बहिणींनी ते कधी मनातून जाऊ दिलं नाही.

आमच्याकडचा गालिचा बारीक. निळी जमीन, त्यावर पक्षी, फण्या, चांदण्या, सुरया यांची अशी दाटी की बोट टेकायला जागा नाही, आणि लोकर इतकी आखूड कापलेली की हात फिरवला तर कापड वाटावं. गझाखकडचं काम उलट. लाल जमीन, मधोमध एकच भलामोठा अष्टकोन, त्याला मेंढ्याची शिंगं, आणि लोकर बोटाच्या पेराएवढी उंच. आम्ही आडवा धागा पांढरा घालतो, ते लाल घालतात. त्यामुळे त्यांचा गालिचा उलटला की पाठीवरसुद्धा लालच लाल.

शाहनिसानं तो लाल धागा नखानं उचकटून बघितला, मग गालिचा पुन्हा सुलटा करून त्या उंच लोकरीत हात खुपसला.

"ही मेंढी घरात कुणी आणली?" ती म्हणाली. "बाहेर बांधा तिला."

अंगण हसलं. नवरीच्या बुरख्याआड तेल्लीचे कान तापले. गालिचा खरोखरच गोठ्यात गेला आणि बरीच वर्षं बटाट्यांवर पसरलेला असायचा. "शाहनिसाची मेंढी" हे नाव आधी गालिच्याला पडलं, मग हळूहळू सुनेलाही.

पहिल्या हिवाळ्यात तेल्लीनं एकच आगळीक केली. सासू पाणी आणायला झऱ्यावर गेली होती. मोठ्या खोलीत तिचा माग उभा होता, उभ्या धाग्यांचा ताणा तंबोऱ्याच्या तारांसारखा ताणलेला. तेल्ली फळीवर बसली आणि तिनं हौसेनं एक ओळ गाठली, अगदी सासूच्याच नमुन्याबरहुकूम. तिला वाटलं होतं, बघून सासू खूश होईल. शाहनिसा परत आली, तिनं हंडा खाली ठेवला, धागा ठोकायची लोखंडी फणी उचलली आणि ताण्यावर टेकलेल्या सुनेच्या हातावर मारली. करंगळीचं हाड मोडलं. शाहनिसानं त्या सगळ्या गाठी एकेक करून कातरीनं काढल्या आणि चुलीत टाकल्या. मुर्सलला दोघींनी सांगितलं की गोठ्याच्या दारात बोट सापडलं.

हाड वेडंवाकडं जुळलं. त्यानंतर तेल्लीनं त्या मागाला कधी हात लावला नाही. बाकी सगळं केलं. लोकर धुतली, पिंजली, कातली, अक्रोडाच्या सालीत आणि निळीत रंगवली, गुंडाळे करून सासूच्या उजव्या हाताशी ठेवले. वीस वर्षं. स्वतःला विणावंसं वाटलं की ती गोठ्यात आडोशाला लावलेल्या छोट्या मागावर पिशव्या आणि खोगिराची झूल विणायची. माहेरून पेटीभर मंजिष्ठेत रंगवलेली लाल लोकर आणली होती, तिला मात्र तिनं कधी हात लावला नाही. कशासाठी ठेवलीय असं मुर्सलनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "ठेवलीय."

मधल्या काळात सासरा गेला. त्यानंतर शाहनिसानं आपला जाण्याचा गालिचा मागावर चढवला.

प्रत्येक बाई आमच्याकडे हा एक गालिचा स्वतःसाठी विणते. तिला कबरस्तानात नेतात ते त्याच्यावरून, आणि मग तो टेकडीवरच्या पीराला वाहतात, कारण मशिदीत कोल्खोजची, म्हणजे सरकारी सामूहिक शेतीची, लोकर भरलेली असते. त्याचे नेम कडक आहेत. त्यात बाईनं आपली सगळी माणसं नक्षीतून घालायची. गाठी घरच्याच हाताच्या हव्यात, बाहेरचा हात चालत नाही. विणायला जिथं सुरुवात केली ते टोक डोक्याचं, शेवट पायांचा. आणि मागावरून तो जिचा तिनंच कापायचा, नंतर माप बघायला त्याच्यावर एकदा निजायचं. तिनं कापला नाही तर तो तिचा नाही, मग कितीही सुंदर असो.

शाहनिसा सावकाश विणत होती. कुणाला घाई आहे, असं म्हणायची. कितीतरी हिवाळे गेले तरी ती अर्ध्यावरच होती. आणि एका शरदात, बटाटे काढायच्या दिवसांत, ती फळीवरून कोसळली. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. डोळे आणि डावा हात मात्र पहिल्यासारखेच राहिले. तेल्लीनं तिचं अंथरूण शेगडीजवळ, मागाच्या समोर घातलं. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, हे सगळं तेल्लीवर आलं. त्याबद्दल गावात कुणी काही बोललं नाही, कारण ते सुनेचं कामच.

बोलणं सुरू झालं ते गालिच्याचं.

गुलबादाम खाला, म्हणजे मुर्सलची मावशी, एका दुपारी आली. गावातल्या बायकांच्या मयताला अंघोळ तीच घालते, त्यामुळे तिला सगळे जरा दबूनच असतात. साखरेचा खडा दातात धरून तिनं चहाचा घोट घेतला आणि आपल्या बाजीच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, मागाकडे बघितलं.

"बाजीचा गालिचा असा अर्धवट राहून चालायचं नाही. माझा हात चालत नाही, मी दुसऱ्या घरची. तिची लेकही परघरची. राहिलीस तू." तिनं सुस्कारा टाकला. "तुला तिचं बारीक काम येतं ना गं? झुलीवर तू पक्षी काढलेले मी बघितलेत."

"येतं, खाला."

"मग झालं तर. तिचंच पुढं न्यायचं. एक गाठ इकडची तिकडे नको." आणि मग मोठ्या मनानं म्हणाली, "कर, गेलिन. तुझा हात लागलाय हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

आमच्याकडे सुनेला गेलिन म्हणतात, म्हणजे नवरी. तिचे दात पडले तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून तेल्ली त्या फळीवर बसली. खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला. ताण्याच्या दोन धाग्यांमागून लोकर घ्यायची, पुढं ओढायची, सुरीनं तोडायची. तिच्या बोटांना सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं पाठीमागे बसून गुंडाळे देताना तिनं दुसरं केलंच काय होतं. चार ओळी झाल्या. शाहनिसाच्या कामात आणि तिच्या कामात केसाचाही फरक नव्हता. पडल्या पडल्या शाहनिसा टक लावून बघत होती, आणि तिला खोट काढता येत नव्हती.

पुढच्या पक्ष्याचा रंग बघायला तेल्ली मागाच्या पलीकडे गेली. विणलेला भाग तिथं खाली दुमडून टांगलेला होता. तिनं तो उलगडला आणि खालपासून बघत आली. हा काळा घोडा म्हणजे सासरा, त्याला घोड्यांचं वेड. दोन लहान पक्षी, पाय नसलेले, म्हणजे चालायला लागायच्या आधीच गेलेली दोन मुलं. तुरेवाला कोंबडा म्हणजे मुर्सल. सुरई घेतलेली मुलगी ही नणंद. गुलबादामसुद्धा होती, बदामाची फांदी. तेल्लीची दोन्ही मुलं, जी आता शहरात शिकत होती, ती दोन कोकरं होऊन शेजारी शेजारी उभी. आणि कडेला, शेपटी वळवून, गळ्यात घंटा घालून अलाबाश. अलाबाश हा घरचा कुत्रा. तो मेला त्याला कितीतरी वर्षं झाली.

तेल्लीनं पुन्हा एकदा खालून वर बघितलं. मग वरून खाली.

संध्याकाळी गुलबादाम काम बघायला आली तेव्हा तेल्लीनं तिला मागाच्या पलीकडे नेलं.

"खाला, यात मी कुठं आहे?"

गुलबादामनं चष्मा लावला. बराच वेळ शोधलं. "वरच्या अर्ध्यात घालणार असेल," ती म्हणाली.

"इतके हिवाळे ती या फळीवर बसली. कुत्र्याला जागा झाली."

"आता काय कुत्र्याशी बरोबरी करतेस का?"

"बरोबरी कुठली. कुत्रा पुढं आहे."

गुलबादामला हसू आलं, पण तिनं ते चहात बुडवलं. शाहनिसानं डोळे मिटून घेतले होते. वरच्या अर्ध्यात काय येणार होतं ते तिचं तिलाच ठाऊक, आणि ते सांगायची तिला आता सोय नव्हती. वीस वर्षं होती, तेव्हा सांगितलं नाही.

सकाळी तेल्लीनं आपल्या चार ओळी स्वतःच्या हातानं उसवल्या. सासूची एक गाठ हलवली नाही. मग पेटी उघडून तिनं मंजिष्ठेची लोकर बाहेर काढली. वीस वर्षांत तिचा रंग उतरला नव्हता, उलट मुरला होता. लाल आडवा धागा ताण्यातून सरकला, तिनं तो फणीनं ठोकून बसवला आणि त्याच्यावर लाल गाठींची पहिली ओळ मारायला घेतली.

पाठीमागून चहाचा पेला येऊन तिच्या खांद्यावर आदळला. शाहनिसानं डाव्या हातानं फेकला होता. तेल्लीनं खांदा पुसला, मग ताणा भिजला का ते बघितलं.

"नेम चांगला आहे अजून, नने," ती म्हणाली. सासूला ती नने, म्हणजे आई, म्हणायची. "आता दुसरा चहा आणते. पण तो प्यायचा."

तिनं आणला, शाहनिसाच्या तोंडाला लावला आणि पुन्हा फळीवर जाऊन बसली.

मुर्सल कोल्खोजच्या दुधाचा ट्रक चालवतो. स्वभावानं भला, पण आईपुढे आणि मावशीपुढे त्याचं लोणी होतं. रात्रीचं जेवण झाल्यावर तो मागापाशी घुटमळला.

"अगं, आईचा गालिचा आहे तो."

"आईचा अर्धा खाली आहे. मोजून घे. काही कमी झालं असेल तर सांग."

"तसं नाही. लोक काय म्हणतील?"

"तू दिवसभर ट्रकमध्ये फिरतोस. काय म्हणतात ते ऐक आणि मला येऊन सांग. मला घरात बसून काही कळत नाही."

"तेल्ली, ती जाईल त्याच्यावरून. तिच्या मनासारखं असायला नको?"

तेव्हा तिनं करंगळी त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "हे गोठ्याच्या दारात सापडलं नव्हतं," ती म्हणाली, आणि काय घडलं होतं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. मुर्सल आईकडे बघत राहिला. आईनं नजर चुकवली नाही आणि नाकारलंही नाही. मग तो ट्रकला ऊब द्यायचं निमित्त करून बाहेर गेला आणि गालिच्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

गावानं काढला. झऱ्यावर तेल्ली आली की बायका कळशा लवकर भरायला लागल्या. कुणी म्हणालं, सासू जिवंत असून ही तिच्या छातीवर बसली. कुणी म्हणालं, गझाखची ती गझाखचीच राहणार. शेवटी गुलबादाम खाला आली, आणि या वेळी ती चहाला बसली नाही.

"हे बघ गेलिन. अर्धा निळा आणि अर्धा लाल गालिचा म्हणजे काय विदूषकाची विजार आहे? हे लाल उसव. नाहीतर स्पष्ट सांगते, अशा गालिच्यावरून जाणाऱ्या बाईला मी अंघोळ घालणार नाही. सख्खी बहीण असली तरी."

यापेक्षा मोठी धमकी आमच्या गावात नाही. शाहनिसानंही ऐकलं. तिचा डावा हात गोधडीवर थांबला.

"मी घालीन," तेल्ली म्हणाली.

"तुला येतं?"

"तिला रोज मीच धुते, खाला. हिवाळाभर. मेलेलं माणूस निदान ओरबाडत तरी नाही." तिनं बाही वर करून नखांचे ओरखडे दाखवले. "आणि दुसरं एक. तू म्हणालीस ना, तुझा हात लागलाय हे कुणाला कळणार नाही? तेच मला नको. तिला पुसते ते कळत नाही, तिची लोकर रंगवली ते कळलं नाही. गाठ मारीन तर ती माझी म्हणून दिसेल. ज्याला बघवत नसेल त्यानं डोळे मिटावेत."

गुलबादामनं निळ्यापासून लालपर्यंत गालिचा न्याहाळला. मग तिला एक आधार सापडला. "बरं," ती म्हणाली. "तुझं टोक पायांचं. बाजीचं डोकं तिच्या स्वतःच्या कामावर राहील, पाय तुझ्या. जागा बरोबर आहे."

"पायाखाली तर पायाखाली," तेल्ली म्हणाली. "पण असेन."

ही पायांची गोष्ट झऱ्यावर सगळ्यांना फार आवडली. त्यावर हसून हसून बायकांचा अर्धा राग गेला.

वसंतात बर्फ वितळलं तेव्हा लाल जमिनीवर अष्टकोन भरत आला होता. मेंढ्याची शिंगं दोन्ही बाजूंना उलगडली होती. तेल्लीनं गाठी आमच्याकडच्यासारख्या बारीक मारल्या, ताणाच तसा होता, पण लोकर मात्र पेरभर उंच ठेवली. सासूच्या निळ्यावरून हात वर सरकवला की कुरण लागल्यासारखं वाटायचं. आता मधोमध काय येतंय याकडे सगळ्यांचं लक्ष. ती स्वतःला घालणार, भलीमोठी बाई काढणार, अशी बोलवा होती.

तिनं बाई काढली नाही. तिनं फणी काढली. मुठीची, पाच दातांची, पांढऱ्या लोकरीत.

गुलबादाम बोलायचं सोडून बसली होती, पण बघितल्याशिवाय तिला राहवेना. मीठ मागायच्या निमित्तानं आली. "फणी होय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. "हे बरं केलंस. फणी म्हणजे निर्मळपणा. मयताच्या गालिच्यात शोभते." मग जवळ गेली. "अगं, पण कडेचा दात वाकडा गेलाय. बाकीचे कसे सरळ आलेत. उसव, अजून दोनच ओळी झाल्यात."

"चुकला नाही तो."

"वाकडा आहे, गेलिन. मला दिसतो."

"दिसायलाच हवा, खाला."

गुलबादाम मीठ घेऊन गेली. तिला वाटलं, कंटाळून चूक झाली आणि आता ही ताठ्यानं कबूल करत नाही. खोलीत दोघीच उरल्या. शाहनिसा त्या वाकड्या दाताकडे बघत होती. तेल्ली फळीवरून उतरली नाही, वळलीही नाही, फक्त उजवा हात ताण्यावर तसाच ठेवला, जसा पहिल्या हिवाळ्यात ठेवला होता. मग शाहनिसानं तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तेल्लीनं दहीभात कालवला आणि दोन वेळा भरवायचा तो तीन वेळा भरवला, कारण उपाशी मारल्याचा आळ तिला नको होता. निदान तिनं स्वतःला कारण तेच सांगितलं.

मेंढ्या कातरून झाल्यावर कापायचा दिवस ठरला. खोली बायकांनी गच्च भरली. प्रेमानं कुणी आलं नव्हतं. शाहनिसा कातर खाली ठेवेल, गालिचा मागावर तसाच राहील, आणि मेंढीचं नाक चांगलंच कापलं जाईल, हे बघायला सगळ्या जमलेल्या. तेल्लीलाही तेच वाटत होतं. आदल्या दिवशी तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की सासूनं कापला नाही तर मीच कापीन, आणि बटाट्यांवर पसरीन.

मुर्सलनं आईला उचलून मागापुढे बसवलं आणि तो बाहेर गेला, कारण पुरुषांनी तिथं थांबायचं नसतं. तेल्लीनं लोकर कातरायची मोठी कातर सासूच्या डाव्या हातात दिली आणि स्वतः ताणा घट्ट धरला. शाहनिसानं कातर मांडीवर ठेवली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गुलबादामनं घसा साफ केला.

मग शाहनिसानं कातर उचलली आणि पहिला धागा कापला.

पहिला कापला की पुढचे इतरांनी कापले तरी चालतात. गुलबादाम मदतीला पुढं सरकली, तर शाहनिसानं कोपरानं तिला ढकललं. डाव्या हातानं, थांबत थांबत, घाम पुसत तिनं शेवटपर्यंत सगळे धागे स्वतः कापले. गालिचा सुटून तेल्लीच्या हातांत आला. तो जड होता, विशेषतः लाल बाजूनं.

तेल्लीनं तो जमिनीवर पसरला. गुलबादाम निळ्या टोकाशी जाऊन बसली आणि तिनं तिथं थोपटलं. "ये बाजी. डोकं इथं."

दोघी-तिघींनी शाहनिसाला धरून गालिच्यावर बसवलं. तिनं त्यांचे हात झटकले. निळ्यावर बसली होती तिथून ती डाव्या हातावर भार देत, मेलेला पाय ओढत वळली. आपल्या घोड्यावरून, बिनपायांच्या दोन पक्ष्यांवरून, अलाबाशवरून ती सरपटत गेली. कुणाला काय चाललंय ते कळेना. लाल टोकाला पोचली, पाय निळ्यावर सोडले आणि आडवी झाली. तिचं डोकं अष्टकोनात होतं. गाल फणीच्या वाकड्या दातावर टेकला होता.

"बाजी," गुलबादाम म्हणाली, "उलटी निजलीस तू."

शाहनिसाचं तोंड हललं. शरदापासून तिनं एक शब्द धड उच्चारला नव्हता. तिनं जीभ गोळा केली.

"मऊ," ती म्हणाली. "मऊ आहे."

सगळ्या तेल्लीकडे बघत होत्या, आता ही रडणार, सासूच्या पाया पडणार म्हणून. तेल्लीला रडू येत होतं, पण ते रागाचं होतं. एवढा एक शब्द, आणि त्यासाठी वीस वर्षं, एक बोट आणि माणसाचं अर्धं अंग जावं लागलं. तिनं तो राग गिळला नाही.

"मेंढी आहे, नने," ती म्हणाली. "मऊच असणार."

शाहनिसाच्या घशातून एक आवाज निघाला. आपल्या बहिणीला साठ वर्षं ओळखणारी गुलबादाम सांगते की ती हसली. तेल्ली म्हणते, खोकला होता. तेल्ली तिथून उठून गोठ्यात गेली आणि बटाट्यांवरच्या आपल्या माहेरच्या गालिच्यावर बसून पोटभर रडली. मग तो झटकून तिनं घरात आणला आणि मोठ्या खोलीत अंथरला.

शाहनिसा पुढच्या हिवाळ्यात गेली. निरोप मिळायच्या आधीच गुलबादाम दारात आली होती, बाह्या वर करून, हातात तांब्या घेऊन. दोघींनी मिळून अंघोळ घातली. कुणी कुणाला जुनं काही ऐकवलं नाही, फक्त पाणी किती गरम हवं यावरून त्यांचं भांडण झालं.

पुरुष जनाज्याची खाट घेऊन उंबऱ्यापर्यंत आले. मुल्लानं गालिचा बघितला आणि रीतीप्रमाणे निळं टोक पुढं घ्यायला सांगितलं. तेल्लीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी गुलबादाम बोलली.

"डोकं लाल बाजूला."

"हे उलटं होतं, खाला," मुल्ला म्हणाला. "डोकं सुरुवातीच्या टोकाला असतं. का म्हणून फिरवायचं?"

"कारण तिला तिथं मऊ लागतं," गुलबादाम म्हणाली. "फिरवा."

त्यांनी फिरवलं.